खोली चौदा विचारते

खाडगाव रोडला, कौसाबाईंच्या खानावळीत,
पिठाच्या डब्यांवरच्या फळीवर
माझा सर्व्हर असतो:
बिजागरी तुटलेला लॅपटॉप,
कळांच्या फटीत ज्वारीचं पीठ,
आत जावास्क्रिप्टच्या सत्तर ओळी.
बाईंना म्हणालो, दारात बसवलेलं पोरगं समजा.
कोण काय मागायला आलं ते बघतं,
ज्याला त्याला त्याच्या खिडकीवर धाडतं.
बाई म्हणाल्या, पगार?
म्हणालो, लाइट बिल.

अहमदपूरची, मुखेडची, उदगीरची लेकरं
क्लासला निघताना एकदमच मोबाइल उघडतात.
पहिली ओळ वेळ टिपते.
दुसरी बघते, महिन्याचे पैसे भरलेत का.
मग म्हणायचं, नेक्स्ट. व्हा पुढं.

हे नेक्स्ट मी एकदा लिहायचंच विसरलो.
पहिल्या उंबऱ्यावर सगळी खोळंबली,
ना हो, ना नाही,
नुसतं चाक गरगरतंय.
मुक्तार डब्यांची पिशवी सायकलला अडकवून
माझ्या तोंडाकडं बघत उभा.
तेव्हा पटलं,
चारशे चार हा फार सभ्य आकडा आहे.
असं इथं काही नाही, म्हणतो,
माणूस निदान दुसऱ्या दाराला तरी जातो.

आणि क्रम.
इथं जो वर लिहिलेला, तो आधी ऐकतो.
मी वर लिहिलं: डबा, तिरपी रेघ, कुठलीही खोली.
खाली लिहिलं: डबा, तिरपी रेघ, बंद.
दिवाळीला गावी जाताना अकरा जणांनी बंद कळवलं.
'कुठलीही'नं त्यांना वरच्या वर झेललं,
बंद? असंल एखादी खोली.
बाईंनी अकरा डबे भरले.
मुक्तार भर दुपारी गल्ली गल्ली विचारत फिरला,
भाई, ये बंद कहाँ रहता है?

तेव्हापासून नेमकं वर, मोघम खाली,
आणि पार तळाला एक चांदणी,
जिचं कुणी नाही ते तिच्या वाट्याला.

मन्मथ बिराजदार, खोली चौदा.
मार्चमध्ये गादी, बादली, पुस्तकांचं पोतं
टमटममध्ये घालून देवणीला गेला.
का गेला, माहीत नाही.
माझ्या तक्त्यात तसा रकाना नाही.
खातं बंद केलं, डबा दुसऱ्याला दिला.

पण नोंदीत रोज, सात वाजून चार मिनिटांनी:
चौदा. आजची भाजी?
आणि माझं पोरगं दारातूनच,
चारशे दोन. आधी पैसे.
एप्रिल. मे. अर्धा जून.
काही मागत नाही तो, काही बदलत नाही,
या विचारण्यानं डाळीचा एक दाणा हलत नाही.
फक्त बघायचं म्हणतो.
रोज नाही ऐकतो,
रोज येतो.

नोंद उगीच फुगते म्हणून
चौदालाच पुसून टाकावं म्हणालो.
बाई उखळात शेंगदाणे कुटत होत्या.
"काय मागलालंय त्ये?"
काही नाही. भाजी काय, एवढंच इचारलालंय.
मुसळ थांबलं.
"मंग सांग की. इचारल्याला काय पैसे पडतेत?"
आणि मी लॅपटॉपकडं वळल्यावर, मागून:
"आन् नुसतं आमटी म्हनून लिहू नगंस.
येसराची हाय. तसं लिही."

भाजीची ओळ उचलली,
पैशांच्या ओळीच्या वर नेऊन ठेवली.
एवढंच. एक ओळ, चार बोटं वर.

सकाळी सात वाजून चार.
चौदा. आजची भाजी?
दोनशे, म्हणजे पोचलं:
येसराची आमटी, भाकरी, शेंगाची चटणी.
सोळा मिलिसेकंद लागले.